टाकीतलं नायट्रेट: जानेवारी ते ऑगस्ट

आमच्या खाऱ्या पाण्याच्या माशांच्या टाकीतलं नायट्रेट ऑगस्टमध्ये एकदाचं लिटरला पंधरा मिलिग्रॅमच्या आसपास येऊन थांबलं, म्हणून आता हे लिहायला बसलेय. टाकी मांडण्याआधी मराठीत काही वाचायला मिळतं का ते शोधलं होतं. गोड्या पाण्याच्या माशांबद्दल बऱ्यापैकी सापडलं, खाऱ्याबद्दल जवळपास काहीच नाही. इंग्रजीत ढिगाने आहे, पण ते लिहिणाऱ्यांच्या दारात टँकर उभा राहत नाही, आणि माझ्या नायट्रेटचं मूळ निघालं ते तिथेच.

टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. खडक आणि वाळू वजा जाता साधारण दीडशे लिटर पाणी. आम्ही पुण्यात वाघोलीला चौथ्या मजल्यावर राहतो. आज टाकीत दोन क्लाउनफिश, एक फायरफिश, एक गोबी, थोड्या गोगलगाई आणि दोन शंखखेकडे आहेत. प्रवाळ नाही. येणारा प्रत्येक जण "कोरल का नाही ठेवलं?" असं विचारतो म्हणून सांगून ठेवते: आपल्या समुद्रातलं प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे. विकत देणारे भेटतात, पण मला त्या वाटेला जायचं नव्हतं. आमचे खडकही कारखान्यात बनवलेले आहेत.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पाणी भरलं. क्षाराचं प्रमाण लिटरला ३५ ग्रॅम, घनता १.०२५. मासे लगेच सोडायचे नसतात. आधी जिवाणू वाढवावे लागतात. मासे आणि उरलेलं खाणं यातून अमोनिया तयार होतो, एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट माशांना विषारी. नायट्रेट त्यामानाने बरंच सौम्य, पण ते टाकीत साठत जातं. त्याचा वायू करून हवेत सोडणारे जिवाणूही असतात, मात्र त्यांना प्राणवायू नसलेली जागा लागते, आणि नव्या टाकीत तशी जागा फारशी नसते. त्यामुळे नायट्रेट बाहेर काढायचं काम पहिलं वर्षभर तरी आपल्यालाच करावं लागतं.

जिवाणूंना खाणं म्हणून अमोनियम क्लोराइड घातलं. हा म्हणजे कल्हईवाल्याचा नवसागर, पण बाजारातल्या नवसागरात आणखी काय काय असेल याचा भरवसा नाही, म्हणून रसायनांच्या दुकानातून शुद्ध प्रतीचा आणला. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत अमोनिया शून्यावर आला, नायट्राइट मात्र रेंगाळलं होतं. त्याच दिवसांत उत्सुकतेपोटी नायट्रेट मोजायचं किट उघडलं तर नळीतलं पाणी मिनिटभरात डाळिंबी झालं. घरात सगळे घाबरले. यजमानांनी तर "हे पाणी ओतून टाकूया का?" म्हणूनही विचारलं.

ओतायची काही गरज नव्हती, आणि का नव्हती ते समजून घेतलं तर पुढचा बराच ताप वाचतो. ही किट्स नायट्रेट थेट मोजत नाहीत. पहिली पायरी नायट्रेटचं नायट्राइट करण्याची, आणि बहुतेक घरगुती किट्समध्ये हे काम जस्ताची बारीक भुकटी करते. मग त्या नायट्राइटशी दोन रसायनांची अभिक्रिया होऊन गुलाबी-लाल रंग येतो. पीटर ग्रीस या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात शोधलेली ही पद्धत आजही तशीच चालते. म्हणजे पाण्यात आधीच नायट्राइट असेल तर किट त्यालाही रंग देतं. वर, जस्त सगळ्या नायट्रेटचं रूपांतर करत नाही, थोड्याच भागाचं करतं, आणि रंगांचं कार्ड तो हिशोब धरून छापलेलं असतं. त्यामुळे पाण्यात मूळचं असलेलं थोडंसं नायट्राइटही कार्डावर भलंमोठं नायट्रेट होऊन दिसतं. नायट्राइट शून्यावर येईपर्यंत नायट्रेटचं किट कपाटात ठेवा. प्रत्येक तपासणीला पैसे पडतात, आणि जिवाला घोर लागतो तो वेगळाच.

फेब्रुवारीअखेर नायट्राइट शून्य झालं. मार्चच्या पहिल्या रविवारी दोन क्लाउनफिश आणले, जाळ्यात पकडलेले नव्हेत तर अंड्यातून वाढवलेले. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने, म्हणजे सीएमएफआरआयने, क्लाउनफिशच्या पैदाशीचं तंत्र बसवलेलं आहे, तेव्हा विक्रेत्याला तसा मासा मागायला संकोच करू नका. असा मासा कोरडं खाणंही लगेच घेतो.

मार्चमध्ये नायट्रेट तपासलं. माझ्याकडे होतं ते थेंबांचं किट: पाच मिली पाण्यात पहिल्या बाटलीचे दहा थेंब, दुसरीचे दहा थेंब, मिनिटभर हलवायचं, पाच मिनिटं थांबायचं. किंमत अठराशेच्या घरात. रंग निघाला चाळीसच्या आसपासचा. 'आसपासचा' म्हणायचं कारण या कार्डावर चाळीस आणि ऐंशी यांच्या लाल रंगांत मला आजही फरक कळत नाही. खिडकीपाशी एक वाटतो, ट्यूबलाइटखाली दुसरा, आणि पिवळ्या बल्बखाली सगळंच ऐंशी.

दुसऱ्या बाटलीबद्दल जरा सविस्तर सांगते. तिच्यातली भुकटी तळाशी बसते आणि दगडासारखी घट्ट होते. माहितीपत्रकात अर्धा मिनिट जोरात हलवा असं लिहिलेलं असतं. बाटली बरेच दिवस पडून असेल तर तेवढ्याने भागत नाही. आधी ती ओट्यावर दोन-चारदा आपटायची, आतली गुठळी सुटल्याचा अंदाज हाताला येतो, मगच अर्धा मिनिट मोजायचं. न हलवता थेंब टाकले तर जस्त नळीत उतरतच नाही आणि नायट्रेट छान कमी दिसतं. मी मुद्दाम दोन्ही प्रकारे करून पाहिलं. एकाच टाकीचं पाणी, एक नळी केशरी, दुसरी रक्तासारखी लाल. थेंब टाकताना बाटली सरळ उभी उलटी धरायची, तिरकी धरली तर थेंब लहानमोठे पडतात. आणि पाच मिनिटं म्हणजे पाचच, कारण रंग पुढेही गडद होत राहतो. कुकरची शिट्टी मोजत बसलात तर आकडा वाढलाच म्हणून समजा.

एप्रिलमध्ये पुण्याचा उन्हाळा सुरू झाला. टाकीवर पंखा लावला की पाणी गार राहतं, पण उडतंही झपाट्याने. रोज दोन-अडीच लिटर भर घालावी लागत होती. दर पंधरवड्याला तीस लिटर पाणी बदलत होते, गाळणीचा स्पंज धूत होते, खाणं जेमतेम होतं, तरीही किटचा रंग महिन्याभरात चाळीसवरून ऐंशीकडे सरकला. काचेवर तपकिरी थर येऊ लागला. मासे मात्र मजेत होते, खात होते, श्वासही नेहमीसारखाच. ते पाहून एक गोष्ट ठरवली की एकदम अर्धी टाकी रिकामी करायची नाही. नायट्रेटने मासा एका रात्रीत जात नाही. पाण्यात अचानक मोठा बदल केला तर मात्र जाऊ शकतो.

मग पावडरचं किट मागवलं, अडीच हजारांच्या आतलं. ते यायला बारा दिवस लागले, कारण विक्रेत्याकडे माल संपला होता आणि पुढचा माल येईपर्यंत पैसे अडकून पडले होते. त्यात एक मिली पाणी, चार थेंब, एक सपाट चमचा भुकटी, अर्धा मिनिट हलकेच घोळवायचं, तीन मिनिटं थांबायचं. त्याने दाखवलं पन्नास. थेंबांचं किट त्याच पाण्याला ऐंशीच्याही पुढे म्हणत होतं. दोन्ही कंपन्या नावाजलेल्या, दोन्ही बाटल्यांवरची मुदत शिल्लक.

आता यातलं खरं कोणतं? माझा हा प्रश्न जेवणाच्या ताटावर रोज निघू लागला तेव्हा उत्तर सासऱ्यांनी दिलं. ते कृषी खात्यातून निवृत्त झालेत, आणि माशांच्या या भानगडीकडे तोवर त्यांनी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"अगं, तुला नायट्रेटच मोजायचं आहे ना? मग माहीत असलेलं नायट्रेट पाण्यात घाल आणि बघ तुझं किट काय म्हणतं ते. तेरा-शून्य-पंचेचाळीस आण."

"बाबा, ते खत ना? द्राक्षांना देतात ते?"

"पोटॅशियम नायट्रेटच आहे ते. दुसरं काय?"

बरोबर होतं त्यांचं. ठिबकवाल्या कुठल्याही शेतकऱ्याला १३:००:४५ ठाऊक असतं. हिशोब असा: पोटॅशियम नायट्रेटचा रेणुभार १०१.१, त्यातला नायट्रेटचा वाटा ६२. म्हणजे १.६३ ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट एक लिटर पाण्यात विरघळवलं की लिटरला १००० मिलिग्रॅम नायट्रेटचं मूळ द्रावण तयार. त्यातलं एक मिली घेऊन ९९ मिली पाण्यात घातलं की दहा पीपीएम, म्हणजे लिटरला दहा मिलिग्रॅम. पाच मिली घेऊन ९५ मिली पाण्यात घातलं तर पन्नास. खत प्रयोगशाळेच्या प्रतीचं नसतं, त्यात चार-सहा टक्के इकडेतिकडे होणार, पण चाळीस की ऐंशी या घोळापुढे पाच टक्क्यांचं काय घेऊन बसायचं!

कृषी सेवा केंद्रात किलोची पिशवी मिळाली, दोनशेच्या आत. दुकानदाराने सवयीने विचारलं, "कोणत्या पिकाला, ताई?" मी खरं ते सांगितलं. "माशांना घालू नका हं," म्हणाले आणि पिशवी हातात देईपर्यंत माझ्याकडे संशयाने बघत राहिले.

पुढची अडचण वजनाची. स्वयंपाकघरातल्या काट्यावर १.६३ ग्रॅम मोजता येत नाही. मिलिग्रॅमपर्यंतचा काटा असतो सराफाकडे. आमच्या नेहमीच्या सराफकाकांकडे दुपारी गर्दी नसताना गेले, कागदाची पुडी समोर ठेवली आणि काय हवं ते सांगितलं. त्यांनी आधी बटर पेपरचा तुकडा ठेवून काटा शून्य केला, काचेची झाकणं लावली, मग चिमट्याच्या टोकावर थोडे थोडे दाणे घेऊन टाकत गेले. १.६२१, १.६३४. एक दाणा परत उचलला. १.६३०. "सोनं असतं तर एवढं केलं नसतं," म्हणाले. पैसे घेतले नाहीत. त्यांचा जुन्नरकडे द्राक्षाचा मळा निघाला, त्यामुळे पुडीत काय आहे ते मी सांगायच्या आधी त्यांनी दाणे पाहूनच ओळखलं होतं.

दोन गोष्टी इथे लक्षात ठेवा. तुलनेचं द्रावण साध्या पाण्यात नाही, ताज्या खाऱ्या पाण्यात करायचं, कारण गोड्या आणि खाऱ्या पाण्याला काही किट्सचा रंग वेगळा येतो आणि कार्डंही वेगळी असतात. दुसरं, ते खारं पाणी करायला लागणारं पाणी शुद्ध हवं. मी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणलं आणि त्याच्यावर विश्वास ठेवण्याआधी तेही तपासलं. त्यापेक्षा खात्रीचं शून्य हवं असेल तर औषधाच्या दुकानात इंजेक्शनसाठीच्या पाण्याच्या लहान कुप्या मिळतात, काही रुपयांना एक. एक मिली मोजायला साधी सिरिंज घ्या. इन्सुलिनच्या सिरिंजवर मिलीच्या नाही, युनिटच्या रेघा असतात, तिथे घोटाळा होतो. उरलेल्या द्रावणाच्या बाटलीवर ठळक अक्षरांत 'पिऊ नये' लिहून ती वरच्या कपाटात ठेवली, फ्रिजमध्ये नाही.

शनिवारी सकाळी खिडकीपाशी नळ्या मांडल्या. खारं पाणी, नायट्रेट शून्य: दोन्ही किट्स शून्य. दहाचं द्रावण: पावडरचं किट दहा, थेंबांचं वीसच्या रंगावर. पन्नासचं: पावडरचं पन्नास, थेंबांचं ऐंशीच्या पुढे. बाबा शेजारी खुर्ची टाकून बसले होते आणि मी रंग सांगायच्या आधी त्यांना विचारत होते, म्हणजे माझ्या मनातला आकडा त्यांच्या डोळ्यांत जायला नको. दोघांची उत्तरं जुळली. माझ्याकडची थेंबांची बाटली जवळजवळ दुप्पट दाखवत होती. ती फेकली नाही, कारण दुप्पट दाखवते हे कळल्यावर तीसुद्धा उपयोगाचीच आहे. टाकीत पन्नास आहे एवढं मात्र आता पक्कं झालं.

ज्यांना रंग ओळखायला त्रास होतो, किंवा रंगांधळेपणा आहे, त्यांच्यासाठी हॅना कंपनीचं खिशात मावणारं रंगमापक मिळतं. खाऱ्या पाण्याच्या नायट्रेटसाठी त्याची ० ते ७५ पीपीएमची आवृत्ती आहे. किमतीचा आकडा पाहून मी खिडकी आणि बाबांवर समाधान मानलं.

पन्नास आहे तर येतं कुठून? चार लहानसे जीव आणि चिमूटभर खाणं एवढं नायट्रेट करणार नाही. टाकीत जाणारं पाणी तपासायचं तेवढं उरलं होतं. आमच्या सोसायटीत महापालिकेचं पाणी, बोअर आणि उन्हाळ्यात टँकर हे सगळं एकाच हौदात पडतं. ते पाणी आमच्या स्वयंपाकघरातल्या आरओतून जातं, आणि टाकीला मी तेच वापरत होते. आरओच्या पाण्यात पावडरच्या किटने दहा आणि पंचवीसच्या मधला रंग दाखवला. हौदाच्या पाण्याला पंचवीस आणि पन्नासच्या मधला.

आरओतून नायट्रेट येतं कसं? सर्व्हिसला आलेल्या मुलाला झाकण उघडायला सांगितलं. आत एक छोटा स्क्रू दाखवून तो म्हणाला, "मॅडम, हा टीडीएस कंट्रोलर. आरओचं पाणी फार फिकं लागतं म्हणून थोडं साधं पाणी इथून मिसळतं. सगळ्यांकडे असंच बसवतो." पिण्यासाठी ते ठीकच आहे. पण माझ्या टाकीत त्या स्क्रूच्या वाटेने बोअरचं पाणी चाललं होतं. मीटरवर हौदाच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या एकूण क्षारांचा आकडा, ६२०, आरओचा १९०. आणि स्क्रू पूर्ण बंद केला तरी आरओचा पडदा बाकी क्षारांपेक्षा नायट्रेट जरा जास्तच सोडतो.

आता हिशोब करून बघा. आरओच्या पाण्यात पंधरा पीपीएम धरलं आणि रोज अडीच लिटर भर घातली, तर आठवड्याला २६० मिलिग्रॅमच्या वर नायट्रेट टाकीत पडतं. पाणी उडतं, नायट्रेट उडत नाही. दीडशे लिटरमध्ये ते आठवड्याला पावणेदोन पीपीएम. त्यावर दर पंधरवड्याला बदललेलं तीस लिटर पाणी स्वतःबरोबर तीन पीपीएम घेऊन येतं. महिन्याला तेराच्या आसपास नायट्रेट मी स्वतःच्या हाताने बादलीतून ओतत होते, माशांचं धरलेलंच नाही. आणि पाणी बदलून टाकीतलं नायट्रेट बदलाच्या पाण्यातल्या नायट्रेटच्या खाली कधी जाऊच शकत नाही, तुम्ही रोज बदला नाहीतर ताशी बदला.

हौदाच्या पाण्याचा नक्की आकडा हवा होता. तेच पाणी आम्ही पितोही, तेव्हा सोसायटीलाही तो कामाचा. मे महिन्यात पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत गेले. पहिल्या खेपेला परत यावं लागलं, कारण शुक्रवारी दुपारी नमुना घेत नाहीत. नायट्रेट ४८ तासांत तपासायचं असतं, आणि शनिवार-रविवार सुट्टी. कारण ऐकल्यावर वैतागायलाही जागा राहिली नाही. सोमवारी सकाळी गेले. लिटरभराची स्वच्छ बाटली, ज्या पाण्याचा नमुना त्याच पाण्याने तीनदा विसळलेली, काठोकाठ भरलेली, बर्फाच्या पिशवीत. अर्जात नाव, पत्ता, स्रोताचा प्रकार, नमुना घेतल्याची तारीख आणि वेळ, नमुना घेणाऱ्याची सही. मग 'पाण्याचा वापर': पिण्यासाठी, शेतीसाठी, बांधकामासाठी, इतर. खिडकीतल्या बाईंना माशांच्या टाकीचं सांगितलं तर त्या म्हणाल्या, "पिण्यासाठीवर खूण करा, उगाच चौकशी वाढेल." बोअरची खोली मला माहीत नव्हती, सोसायटीच्या सचिवांना तिथूनच फोन लावला. चलन भरायची खिडकी दुसऱ्या इमारतीत, आणि पावतीची झेरॉक्स अर्जाला जोडायची. निवडक तपासण्या सांगितल्यामुळे खर्च पाचशेच्या आत राहिला. सगळ्याच तपासण्यांवर खूण केली असती तर बराच वाढला असता.

टाकीचं पाणीही बाटलीत नेलं होतं. ते त्यांनी घेतलं नाही. तिथले रसायनतज्ज्ञ बाहेर येऊन समजावून गेले की त्यांची पद्धत अतिनील प्रकाशाची आहे, २२० नॅनोमीटरवर नायट्रेट किती प्रकाश शोषतं ते मोजायची, आणि समुद्राच्या पाण्यातलं ब्रोमाइडही तिथेच प्रकाश शोषतं. म्हणजे आकडा येईल, पण खोटा येईल. खोटा आकडा देण्यापेक्षा नाही म्हणणारा माणूस भेटला याचं मला बरंच वाटलं.

अहवाल नऊ दिवसांनी मिळाला. हौदाच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४१ मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, मर्यादा ४५ ची. म्हणजे पिण्यायोग्य, पण काठावर. अहवालाची प्रत सचिवांना दिली, त्यांनी सूचनाफलकावर लावली आणि टँकरवाल्याकडेही अहवाल मागितला. तो अजून आलेला नाही.

अहवाल वाचताना एकक नीट बघा. आपल्याकडे आकडा 'नायट्रेट म्हणून' देतात. अमेरिकेतली किट्स आणि पुस्तकं कधी कधी 'नायट्रेटमधला नायट्रोजन' देतात, त्याला ४.४३ ने गुणावं लागतं. त्यांचे दहा म्हणजे आपले चव्वेचाळीस. दोन किट्स चारपट वेगळं बोलू लागली तर आधी हेच तपासा.

जूनमध्ये स्वयंपाकघरातल्या आरओला हात न लावता टाकीसाठी वेगळी जोडणी करून घेतली. बाल्कनीतल्या नळाला दोन गाळण्या, दिवसाला ७५ गॅलनचा आरओचा पडदा, आणि शेवटी डीआय रेझिनची नळी, जी आरओतून सुटलेले उरलेसुरले क्षार पकडते. सुटे भाग घेऊन सगळं साडेचार हजारांत झालं. तयार जोडणीला याच्या दुप्पट सांगत होते. वाया जाणारं पाणी ड्रममध्ये साठवून फरशी पुसायला आणि बाबांच्या कुंड्यांना जातं. त्या कुंड्या यंदा जोरात आहेत, आणि तेवढं नायट्रेट पाण्यातून मिळत असताना का नसाव्यात! पडद्यानंतर टीडीएस ३५, रेझिननंतर शून्य. नायट्रेट दोन्ही किट्सवर शून्य.

मग फक्त धीर धरायचा. दर रविवारी तीस लिटर. दर बदलाला साधारण एक किलो शंभर ग्रॅम क्षार, म्हणजे चारशे-साडेचारशे रुपये. सगळ्यात मोठा खर्च हाच आहे. पंधरवड्यातून एकदाच तपासणी, तीही पाणी बदलण्याआधी, त्याच खिडकीपाशी, सकाळी दहाच्या सुमारास, पावडरच्या किटने. वहीत तारीख आणि आकडा, सोबत त्या आठवड्यात काय वेगळं केलं ते एका ओळीत. रोज तपासत बसू नका. रंगाच्या कार्डावर रोजचा फरक दिसत नाही, आपल्याला भास मात्र होतात. जूनअखेर कार्डावर पंचवीस आणि पन्नासच्या मध्ये, जुलैच्या मध्याला पंचवीस. तीन गोगलगाया वाढवल्या, स्पंज दर आठवड्याला टाकीच्याच काढलेल्या पाण्यात पिळू लागले. ऑगस्टमध्ये पंधरा.

याच्याही खाली आणायचं का? समुद्रात वरच्या थरातलं नायट्रेट एक पीपीएमच्याही खाली असतं, आणि ज्यांच्या टाक्यांत नाजूक जीव असतात ते दोन-पाचवर ठेवायची खटपट करतात. व्हिनेगर घालून जिवाणू वाढवायचे, शेवाळाचा वेगळा कप्पा करायचा, असे उपाय आहेत. माझ्या माशांना पंधरा चालतं. नायट्रेट अगदी शून्यावर नेलेल्या टाक्यांत भलत्याच तपकिरी चिकट वाढीचा उपद्रव झाल्याचंही वाचलंय. तेव्हा मी आहे तिथे थांबलेय, आणि बदलाचं पाणी पुन्हा पंधरवड्यावर नेलंय.

नव्याने टाकी मांडणाऱ्याने पैसे कोणत्या क्रमाने खर्चावेत ते माझ्या मते असं: आधी दीड-दोनशे रुपयांचा टीडीएस मीटर, मग एक चांगलं नायट्रेटचं किट, त्या किटने टाकीच्या आधी नळाचं आणि आरओचं पाणी तपासायचं, आणि ते शून्य नसेल तर डीआय रेझिन. मोठी गाळणी, दिवे, औषधं हे सगळं त्यानंतर. रेझिननंतरच्या पाण्याचा टीडीएस एक किंवा दोन दाखवू लागला की रेझिन बदलायचं, पाच-दहा होईपर्यंत वाट बघायची नाही. माझं परवा एक दाखवायला लागलंय, नवीन मागवलंय.